शास्त्रीबुवा, फिजोआ आणि आपण

आज सकाळी चहा गाळत असताना गॅरेजच्या पत्र्यावर धप्प झालं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. फिजोआ आले होते.

फिजोआ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगते. कोंबडीच्या अंड्याएवढं हिरवं फळ असतं. मधोमध कापायचं आणि चमच्याने आतला गर खायचा. वास असा, की वाडगा स्वयंपाकघरात ठेवला तर पार झोपायच्या खोलीत पत्ता लागतो. हे फळ झाडावरून तोडायचं नसतं. पिकलं की ते आपणहून खाली पडतं, आणि पडलेलंच गोड लागतं. त्यामुळे एप्रिल आला की निम्मं ऑकलंड अंगणात वाकून उभं असतं. ऑफिसच्या किचनमध्ये पिशव्या येतात, लोकांच्या फाटकापाशी बादल्या येतात, त्यावर ‘घेऊन जा’ अशी पाटी असते. दुकानातून फिजोआ विकत आणणाऱ्याकडे इथे जरा कणवेने बघतात. बिचाऱ्याला शेजारी नाहीत वाटतं!

इकडचा एप्रिल म्हणजे पानगळ. इतकी वर्षं झाली तरी माझ्या जिभेला ते पटलेलं नाही. ती कैरीची वाट बघत असते आणि हात मात्र कपाटात स्वेटर शोधत असतात. गुढी उभारायची ती अंगावर शाल घेऊन. या उलट्यापालट्या महिन्यात फिजोआचा वास आला की मला माझे वडील, नाना, आठवतात. असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, गेले वाटतं नाना. तसं काही नाही. नाना उत्तम आहेत, त्यांची शुगर माझ्यापेक्षा चांगली आहे. मला आठवतो तो त्यांचा इथला एक एप्रिल, आणि त्या एप्रिलमध्ये आमच्या घरी मुक्कामाला असलेला आइसलँडचा एक विद्वान.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात, नाना ऑकलंडला आमच्याकडे, हिल्सबरोला आले. चिंचवडचा फ्लॅट कुलूप लावून आले होते. “राहून बघतो. जमलं तर जमलं,” एवढंच म्हणाले होते. जमलं तर कायमचे राहणार, नाही तर पानगळ संपायच्या आत परत. मला ते इथे हवे होते. कर्तव्य म्हणून नव्हे, लोक काय म्हणतील म्हणूनही नव्हे. संध्याकाळी कामावरून आल्यावर घरात कोणीतरी खाकरलेलं मला हवं होतं. पण हे त्यांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सांगितलं असतं तर ते माझ्यासाठी राहिले असते, आणि मला ते त्यांच्यासाठी राहायला हवे होते. आता लिहिताना हे फार शहाणपणाचं वाटतंय. त्या वेळी नुसती घालमेल होती.

पहिले फिजोआ शेजारून आले. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहते, माओरी, तिचं नाव हिने. नावच तसं आहे, त्याला मी काय करणार! मी घरी आले तर ओट्यावर पिशवी.

“नाना, ही फळं कोणी दिली?”

“हिने,” नाना म्हणाले.

“हिने म्हणजे इराने?”

“इरा शाळेत आहे. हिने दिली.”

“अहो, पण हिने म्हणजे कोणी?”

“तेच तर सांगतोय. शेजारच्या बाईंनी. मी नाव विचारलं तर हिने म्हणाल्या. मी म्हटलं, कुणी? तर परत हिने. मला वाटलं, बाईंना मराठी येतं आणि त्या दुसऱ्याच कुणाकडे बोट दाखवतायत. मी मागे वळून बघून आलो.”

माझ्या लेकीला, इराला, ही गंमत समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि समजल्यावर ती आठवडाभर हसत होती. इरा तेव्हा दहा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. नाना पिशवीतलं मऊ झालेलं फळ कचऱ्यात टाकायला निघाले तर ती ओरडली, “नाना, नो! इट्स नॉट रॉटन, इट्स राइप!” नानांनी चमचाभर गर तोंडात घातला, डोळे मिटले आणि निर्णय दिला, “पेरूच्या पोटी साबण जन्माला आलाय.” पुढच्या रविवारी त्याच साबणाचा गूळ आणि मेथ्या घालून मेथांबा केला, आणि वाटी घेऊन स्वतः शेजारी गेले. तिथून परत आले ते हातात एक पुस्तक घेऊनच.

शाळेची लायब्ररी आवरताना हिनेने जी पुस्तकं रद्दीतून वाचवली होती त्यातलं ते एक. कापडी बांधणी, रंग उडालेला, आणि सुरुवातीची काही पानं गायब. त्यामुळे लेखक कोण, पुस्तकाचं नाव काय, ते मुळात कोणत्या भाषेत लिहिलं होतं, काही कळायला मार्ग नव्हता. समोर होतं ते जुन्या वळणाचं इंग्रजी भाषांतर. एवढं मात्र पहिल्या दोन-चार पानांतच समजलं, की लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला आइसलँडचा माणूस आहे, कोपनहेगनला राहून जुन्या पोथ्यांचा अभ्यास करतोय, आणि बऱ्याच वर्षांनी बोटीने मायदेशी निघालाय. पोथ्या म्हटल्यावर नानांनी त्याला नाव देऊन टाकलं. शास्त्रीबुवा.

नानांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा राहिला होता. ती बारीक छपाई त्यांना वाचवत नव्हती. म्हणून शनिवार-रविवारी दुपारी मागच्या डेकवर मी वाचायचे, वाचता वाचता मराठी करून सांगायचे. नानांच्या गुडघ्यावर शाल, हातात चहा. त्यांच्यासाठी मी निळ्या काठाचा कप आणला होता, बशीसकट. आम्ही बाकीचे टवका उडालेल्या मगमधून प्यायचो.

मला त्या पुस्तकाचं पहिल्यापासून एक कोडं पडलं. प्रवासवर्णन लिहायचं ते अनोळखी मुलखाचं. हा तर आपल्या घरी निघालाय. आपल्याच घरी जायचं वर्णन कोण करतं? मी नानांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “बरीच वर्षं झाली असतील तर घरसुद्धा अनोळखी मुलूखच की. वाच पुढे.”

शास्त्रीबुवांच्या बोटीवर इंग्रज साहेब होते, सामन मासे धरायला आणि गरम पाण्याचे झरे बघायला निघालेले. ते बुवांना त्यांच्याच देशाबद्दल प्रश्न विचारायचे आणि बुवा एखाद्या वाटाड्यासारखी उत्तरं द्यायचे. तिथले लोक सुका मासा लोणी लावून खातात. ते लोक गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरं बांधतात. ते लोक पाहुण्याला आधी तू कुणाचा मुलगा म्हणून विचारतात आणि मग आत घेतात. पान पान भरून ते लोक, ते लोक. नाना वैतागले. “अरे, ते लोक काय? तुझे आईबाप आहेत ना ते!”

मी पटकन पान उलटलं. कारण मलाही इथल्या ऑफिसात कोणी विचारलं की मी इंग्रजीत अशीच बोलते. ‘दे ईट इट विथ द हँड्स.’ आणि घरी येऊन हातानेच जेवते.

धुक्यामुळे बोट किनाऱ्याबाहेर कितीतरी वेळ नुसती थांबून राहिली. डोंगर दिसतोय, पण उतरता येत नाही. मग घोड्यावरून आपल्या खोऱ्यात जाताना बुवांचा ऊर भरून आला, आणि घराच्या बुटक्या दारात कपाळमोक्ष झाला. लहानपणी त्या दारात वाकावं लागत नव्हतं. आणि मग आतल्या अंधारात, धुराच्या आणि मेंढ्यांच्या वासात, त्यांच्या भावजयीने त्यांना कॉफी दिली ती कपाटातल्या ठेवणीतल्या कपात. बाकीचे सगळे लाकडी भांड्यातून पीत होते. बुवांनी त्या कपावर जवळजवळ एक पान खर्च केलंय. कप सुंदर होता, कॉफी कडक होती, आणि त्यांना ती गिळवत नव्हती.

मला ते पान एकदम कळलं. आम्ही डिसेंबरात पुण्याला जातो तेव्हा माझी सख्खी मावशी मला बघितलं की मुलाला खाली दुकानात पिटाळते. “अरे, तिच्यासाठी सीलबंद पाणी आण, तिला आपलं सोसायचं नाही.” ज्या नळाचं पाणी पिऊन मी वाढले तो नळ समोर टपकत असतो, आणि माझ्या हातात प्लॅस्टिकची बाटली. मी नानांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. निळ्या काठाच्या कपातला चहा त्यांनी बशीत ओतला आणि फुंकर मारत बसले.

यानंतर आमचा खेळ सुरू झाला. शास्त्रीबुवांचं ‘ते लोक’ नेमकं कोणत्या पानावर सुटतं, ते शोधायचं. नाना म्हणायचे, आईला भेटल्यावर सुटेल. नाही सुटलं. मी म्हटलं, वडिलांच्या थडग्यापाशी सुटेल. तिथे तर बुवा दगडावरच्या अक्षरांचं वळण किती जुनं आहे यावर घसरले. “विद्वानच तो!” नाना म्हणाले.

आणि मी मात्र मनातल्या मनात दुसराच खेळ खेळत होते. नाना ‘तुमच्याकडे’ म्हणायचे. तुमच्याकडे कोथिंबिरीला वास नाही. तुमच्याकडे पाऊस आडवा पडतो. तुमच्याकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, ही पद्धत चांगली आहे बरं का. आणि आपल्याकडे म्हणजे अर्थातच चिंचवड. इथे वर्षानुवर्षं राहिलेली मराठी माणसंसुद्धा भारताला आपल्याकडे म्हणतात, इथल्याच अल्बनीत घर बांधतात आणि तरी म्हणतात, त्यामुळे नानांना दोष नव्हता. पण मी कान टवकारून असायचे. एकदा तरी चुकून आपल्याकडे म्हणतील, आणि मग मला समजेल की हे राहणार.

एका दुपारी हिने येऊन बसली. “किया ओरा, नाना!” म्हणाली. नानांनीही “किया ओरा, हिनेताई!” म्हटलं. पुस्तक कुठवर आलं विचारल्यावर मी तिला आमची अडचण सांगितली. इंग्रजीत नुसता ‘वी’ असतो. मराठीत मला दर वेळी ठरवावं लागतं. समोरच्याला धरून असेल तर आपण, त्याला वगळून असेल तर आम्ही. हिने ताठच बसली. म्हणाली, आमच्यातही अगदी तसंच आहे. तुला धरून आपण सगळे ते तातोउ, तुला वगळून आम्ही ते मातोउ. शाळेत गोऱ्या मुलांना हे शिकवता शिकवता तिचा घसा सुकायचा. नानांना इतका आनंद झाला, जणू कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ सापडला.

“म्हणजे तुम्हाला कळतं, आम्हाला कळतं,” ते म्हणाले. “फक्त इंग्रजांनाच कळत नाही, आपण कोण आणि आम्ही कोण!”

मी भाषांतर केलं. हिने टाळी द्यायला पुढे झाली. त्यानंतर फाटकातून आत येताना ती रोज ओरडून विचारायची, “नाना, तातोउ ऑर मातोउ?” नाना गमतीने हात हलवायचे. उत्तर काही द्यायचे नाहीत.

ते पान आलं तेव्हा आकाश भरून आलं होतं, दोरीवर कपडे होते आणि माझं अर्धं लक्ष तिकडे. पुस्तकातही ढग उतरले होते. गवत कापून शेतात पसरलं होतं, तेच मेंढ्यांचं हिवाळ्याचं अन्न, आणि पाऊस डोंगरावरून खाली यायला लागला होता. त्या लोकांनी हाका मारल्या. ते लोक धावले. बुवाही कोट टाकून धावले. आणि पुढच्याच वाक्यात, काहीही गाजावाजा न करता, ‘वी’. आम्ही गवत आत आणलं. मी थांबले. नानांनी हात वर केला. दोघांनाही ते एकाच वेळी कळलं होतं. आई नाही, थडगं नाही. पाऊस आणि गवत! आणि बुवांना स्वतःला पत्ताच नाही, ते पुढे लिहीतच सुटलेत. पुढचं वाक्य होतं पावसाबद्दल. आमच्याकडे पाऊस काही सांगून येत नाही, अशा अर्थाचं.

“थांब,” नाना म्हणाले. “आमच्याकडे की आपल्याकडे?”

“आमच्याकडे. परक्यांसाठी लिहितोय ना तो.”

“कशावरून? पहिली पानं कुठे आहेत? त्याने आपल्या भाषेत लिहिलं असेल तर आपल्याच लोकांसाठी लिहिलं असेल.”

“आपल्या लोकांना पावसाचं कशाला सांगेल? त्यांना माहितीच असणार.”

“तू ना, फार तर्क लढवतेस,” नाना म्हणाले. “अगं, गवत उचलून आलाय तो. अंग ओलं आहे. अशा वेळी समोर कोण बसलंय ते माणूस बघत नाही. आपल्याकडे म्हण.”

मी आपल्याकडे म्हटलं. तेवढ्यात इकडचाही पाऊस आला, न सांगता. आम्ही दोघं धावलो. नाना आमचे कपडे काढून कुंपणावरून वाकले आणि हिनेच्या दोरीवरच्या चादरीही ओढून घेतल्या. धापा टाकत आत आले, चष्म्यावर थेंब. मी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणतील, आत्ता म्हणतील!

“तुमच्याकडचा पाऊस,” नाना म्हणाले, “अगदीच आचरट आहे.”

पुस्तक मेच्या सुरुवातीला संपलं. शेवटच्या प्रकरणात डोंगरावर चरायला सोडलेल्या मेंढ्या खाली आणतात. प्रत्येकीच्या कानाला खूण असते, ती बघून ज्याची त्याच्या गोठ्यात घालतात. बुवा कुंपणावर बसून ते बघताहेत, संध्याकाळ होतेय, आणि पुस्तक संपतं. ते तिथेच राहिले की पोथ्यांकडे परत गेले, एक अक्षर नाही. “राहिला का गेला, हे सांगितलंच नाही लेकाने,” नाना म्हणाले. हाच प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी पुस्तक मिटलं आणि तो गिळला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला नाना आपणहून म्हणाले, “मी परत जाईन म्हणतो.”

माझे डोळे भरले आणि मला रागच आला. “काय कमी पडलं तुम्हाला इथे?”

“काही नाही पडलं. तेच तर.” त्यांनी समोरचा कप बोटाने जरासा फिरवला. “तिकडे मला कोणी चांगल्या कपात चहा देत नाही गं. शेजारचा जोशी तर कान तुटलेल्या कपात देतो. बरं वाटतं.”

“चांगला कप दिला हा गुन्हा झाला का?”

“गुन्हा कसला? प्रेमाने दिलास. पण पाहुणा म्हणून मरायचं नाही मला.”

इराने उठून निळा कप उचलला, सिंकमध्ये ठेवला आणि स्वतःच्या मगमधलं दूध पिऊन तो मग विसळून नानांपुढे ठेवला. “हियर. यूज माइन.” त्यावर एका माशाचं चित्र होतं आणि शेपटीपाशी टवका. नाना उरलेले सगळे दिवस त्यातूनच चहा प्यायले. पण तिकीट काही बदललं नाही.

विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “येतो.” मराठी माणूस जाताना जातो म्हणत नाही. घरातून निघताना, गावाला जाताना, दवाखान्यात जाताना, सगळीकडे येतोच. त्यामुळे त्या ‘येतो’वरून काहीसुद्धा कळत नाही. घरी येईपर्यंत मी त्याच एका शब्दाचा कीस पाडत होते.

त्यानंतर नाना इथे आले नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं झालं, मग गुडघ्याचं निघालं, मग इतका लांबचा प्रवास नको म्हणाले. फिजोआ मात्र दर वर्षी आले. इरा आता माझ्याएवढी उंच झाली. हिने अजून फाटकातून विचारते, नाना घरी कधी येणार. तिच्या तोंडचं ते ‘होम’ ऐकून मी दर वेळी थबकते. तिला कोणतं घर म्हणायचंय, ते विचारायचा धीर झालेला नाही.

आज सकाळी त्या धप्पनंतर मी बादली भरून फळं वेचून आणली. नानांचं सकाळचं सगळं आटोपेपर्यंत थांबून व्हिडिओ कॉल लावला आणि बादली फोनपुढे धरली. नाना खुर्चीत, बाजूला जोशीकाका, दोघांच्या हातात चहा. नानांच्या हातातल्या कपाला खरोखरच कान नव्हता.

“आले का!” नाना ओरडले. “अहो जोशी, हे बघा. अंगणात पडलेले वेचून आणलेत.”

जोशीकाका चष्मा वर करून फोनमध्ये डोकावले. “पेरू का? कच्चे दिसतात. आणि असे जमिनीवर पडलेले कशाला वेचायचे? झाडावरचे तोडा की.”

“पेरू नाहीत हो, फिजोआ. तोडायचे नसतात.” नाना समजूत घालायच्या सुरात म्हणाले. “आपल्याकडे हे कोणी तोडत नाही. आपणहून पडेपर्यंत थांबतात.”

मी बादली खाली ठेवली. नाना बोलतच होते, पडलेलं फळ कसं ओळखायचं, मेथांब्याला गूळ किती घालायचा. त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. जोशीकाकांच्या मात्र आलं. त्यांनी खिडकीतून बाहेर, चिंचवडच्या उन्हाकडे बघितलं.

“आपल्याकडे? आपल्याकडे म्हणजे कुठे?”

“कुठे म्हणजे काय, जोशी?” नाना वैतागून म्हणाले. “हिल्सबरोला!”